उतरंडीच्या संस्थेत नेतृत्वविकास: शिबिराआधी काय करायचे आणि शिबिरानंतर काय

पाच-सहा पायऱ्यांची उतरंड असलेल्या संस्थेत हे नाटक ठरलेले असते. खालून तक्रारी वाढतात, राजीनामे वाढतात, आणि मग वरच्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "आपल्या सुपरवायझर लोकांना जरा लीडरशिपचं ट्रेनिंग द्या." दोन दिवसांचे शिबिर होते. गटचर्चा होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो निघतो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आपल्या जागेवर परततो आणि पुढच्या आठवड्याचा ड्युटीचा तक्ता पूर्वीसारखाच आदल्या रात्री उशिरा लागतो.

शिबिर वाईट होते म्हणून असे होत नाही. जे काम सर्वांत शेवटी करायचे ते सर्वांत आधी केले जाते, म्हणून होते. खाली दिलेला क्रम पाळला तर एका विभागाला साधारण सहा महिने लागतात. घाई असेल तर टप्पे गाळू नका, विभाग लहान घ्या.

## सुरुवातीची तयारी

एकच विभाग निवडा, शक्यतो वीस ते साठ माणसांचा. सर्वांत बिघडलेला विभाग निवडायचा मोह होतो, तो टाळा. तिथे कोणाचाच कोणावर विश्वास उरलेला नसतो आणि पहिलाच प्रयोग फसला की "हे सगळं करून झालंय" हे वाक्य पुढची काही वर्षे ऐकावे लागते. मध्यम अवस्थेतला विभाग बरा.

त्या विभागाच्या प्रमुखाकडून आणि त्याच्याही वरच्या साहेबांकडून प्रत्येकी आठवड्याला दीड-दोन तास मागून घ्या. ते कॅलेंडरवर दिसले पाहिजेत. "माझा पूर्ण पाठिंबा आहे" हे उत्तर नकार समजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या सहा महिन्यांची साधी आकडेवारी: गैरहजेरी, सोडून गेलेले लोक, जादा तास, रजेचे अर्ज आणि ते मंजूर व्हायला लागलेले दिवस, अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात. ही आज काढली नाही, तर शेवटी काही बदलले की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

तपासा: प्रमुखाला विचारा, "या कामात तुमच्या स्वतःच्या वागण्यातलं काही बदलावं लागलं तर चालेल का?" उत्तर देताना तो इतरांच्या वागण्यावर घसरला, तर विभाग बदला.

## टप्पा १: खालच्यांचे ऐका, पण नाव फुटू देऊ नका

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होते, आणि ते मी स्वतः केलेले आहे. माझ्या पहिल्या पाहणीत आम्ही नाव विचारले नव्हते. विभाग, पाळी आणि नोकरीची वर्षे एवढेच विचारले होते. रात्रपाळीत दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या एकच बाई होत्या, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. अहवाल वर गेला आणि पंधरवड्याच्या आत त्यांची जागा बदलली. पुढच्या वर्षी त्या विभागातल्या प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नापुढे 'समाधानी' वर खूण केली. तो कागद वरच्यांनी यश म्हणून मिरवला.

तेव्हापासून मी काही नियम मोडत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे उत्तर वेगळे छापायचे नाही. मुलाखत घेणारा त्या विभागाच्या साखळीतला नको. बोलणे कामाच्या वेळेत व्हावे, कारण काम सुटल्यावर थांबायला लावले तर ऐकण्याआधीच एक नवी तक्रार तयार होते. आणि मूळ उत्तरे विभागप्रमुखाकडे जाणार नाहीत, फक्त गोषवारा जाईल, हे आधीच लेखी ठरवून घ्यायचे.

प्रश्न मतांचे नकोत, प्रसंगांचे हवेत. "तुमचे साहेब कसे आहेत?" याला "चांगले आहेत" याखेरीज उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारा: मागच्या महिन्यात काम अडलं तेव्हा आधी कोणाला सांगितलंत? त्यांनी काय म्हटलं? शेवटची रजा मागितली तेव्हा किती दिवसांनी कळलं? एखादी चूक दिसली पण सांगितली नाही, असं कधी झालं? शेवटच्या प्रश्नावर माणूस थांबतो, खाली बघतो. त्या वेळी तुम्ही पुढचा प्रश्न विचारू नका.

जपून: ऐकून घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, "तुम्ही हे सांगितलंत, आम्ही यातलं हे आधी हाताळणार आहोत" असे लोकांसमोर गेलेच पाहिजे. विचारून गप्प बसण्यापेक्षा न विचारलेले बरे.

## टप्पा २: तक्रारींचे तीन ढीग करा

आलेली प्रत्येक तक्रार इतकी नेमकी लिहा की ती डोळ्यांनी दिसेल. 'संवादाचा अभाव' ही तक्रार नाही. 'पाळी बदलल्याचे कामावर आल्यावर कळते' ही तक्रार आहे. मग तिला यांपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग वागण्याचा: सर्वांसमोर ओरडणे, बोलणे मध्येच तोडणे, श्रेय स्वतः घेणे, "बघू" म्हणून विसरणे. दुसरा अधिकाराचा: सुपरवायझरला पटते, पण अर्ध्या दिवसाची रजाही तो देऊ शकत नाही, कागद तीन टेबलांवर फिरतो. तिसरा साधनांचा: माणसे कमी, हातमोजे फाटके, पंखा बंद.

नेतृत्वाचे प्रशिक्षण फक्त पहिल्या ढिगावर चालते. दुसऱ्यासाठी नियम बदलावे लागतात, तिसऱ्यासाठी पैसे लागतात. दहा माणसांचे काम सहा जणांकडून करून घेणाऱ्या सुपरवायझरला 'ऐकण्याची कला' शिकवणे हा त्याचाही अपमान आहे आणि त्या सहा जणांचाही.

माझा अनुभव असा की पहिल्या ढिगातल्या निम्म्या तक्रारी नीट पाहिल्या तर दुसऱ्या ढिगात जातात. ज्याच्या हातात काहीच नसते तो ओरडतो, कारण ओरडायला मंजुरी लागत नाही.

तपासा: तिसऱ्या ढिगातली किमान एक छोटी गोष्ट शिबिराच्या आधी दुरुस्त करून टाका. पंखा सुरू झाला की पुढच्या बोलण्याला लोक निदान येऊन बसतात.

## टप्पा ३: सुरुवात वरच्या पायरीपासून

हा टप्पा लोक हमखास गाळतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या कामात शब्दशः खरी ठरते. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या फोरमन, म्हणजे कामगारांवरच्या सुपरवायझर लोकांचा अभ्यास केला, तो 1953 साली प्रसिद्ध झाला. फोरमनना माणसांशी नीट वागण्याचे शिक्षण दिले होते. वर्गात त्यांची मते बदलली. पण कारखान्यात परतल्यावर ते कसे वागतात, हे वर्गात काय शिकले यापेक्षा त्यांचा स्वतःचा साहेब कसा वागतो यावर जास्त ठरत होते. सत्तर वर्षे झाली, तरी आपण अजून फोरमनलाच वर्गात बसवतो.

म्हणून ज्यांना शिकवायचे आहे त्यांच्या एक पायरी वरच्यांना आधी घ्या. त्यांना शिबिर नको, चार बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत टप्पा १ चा गोषवारा वाचायचा, बचाव न करता. त्यासाठी एक नियम लागतो: वाचन संपेपर्यंत फक्त "याचं उदाहरण द्या" एवढेच विचारता येईल, "पण त्याचं कारण असं आहे" म्हणता येणार नाही. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपली एक सवय निवडायची. सवय बारीक हवी. 'मी अधिक संवेदनशील होईन' हे चालणार नाही. 'सुपरवायझरची चूक मी त्याच्या माणसांसमोर काढणार नाही, आत बोलावून सांगेन' हे चालेल. तिसऱ्या बैठकीत ती सवय ते आपल्या सुपरवायझर मंडळींना तोंडाने सांगतात आणि "मी चुकलो तर मला आठवण करा" असे म्हणतात. चौथी महिन्याभराने, सवयीचे काय झाले ते पाहण्यासाठी.

जपून: वरिष्ठांनी शिबिराचे उद्घाटन करून निघून जाऊ नये. थोडा वेळ बसून जाण्यापेक्षा अजिबात न येणे चांगले. खालचे लोक भाषण ऐकत नाहीत, दार किती वाजता उघडले ते बघतात.

## टप्पा ४: अधिकार खाली सोडा

वरच्या खुर्चीवर ताण जास्त, म्हणून आजारपणही तिथेच जास्त, असा एक समज असतो. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर 1967 साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने चित्र उलटे दाखवले. हुद्दा जितका खालचा तितके हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त निघाले. पुढे 1985 पासून दहा हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यामागचे एक मोठे कारण समोर आले: आपल्या कामावर आपला ताबा किती. म्हणजे कामाची परिस्थिती सुधारणे याचा बराच भाग, कोण काय ठरवू शकतो हे बदलणे असा आहे.

एका कागदावर तक्ता काढा. डाव्या बाजूला रोजचे निर्णय: पाळीची अदलाबदल, एका दिवसाची रजा, किरकोळ खरेदी, कामाचा क्रम, धोका दिसल्यास काम थांबवणे. पुढे तीन रकाने: आज कोण ठरवते, उद्या कोण ठरवेल, मर्यादा काय. पहिल्या खेपेला पाचच निर्णय हलवा. पाळीची अदलाबदल दोघा कर्मचाऱ्यांनी आपसात ठरवावी आणि सुपरवायझरला फक्त कळवावी, हा बदल बहुतेक ठिकाणी फुकटात होतो आणि पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

काम थांबवण्याचा अधिकार मात्र जपून लिहा. टोयोटाच्या कारखान्यांत जुळणीच्या रांगेवरचा कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो आणि ती सुटली नाही तर रांग थांबते. अनेकांनी ती दोरी आणली आणि ओढणाऱ्याला जाब विचारला. मग दोरी धूळ खात लटकत राहते. तक्त्यात म्हणूनच एक ओळ वाढवा: हा अधिकार वापरल्यावर वरिष्ठाचे पहिले वाक्य काय असेल. "सांगितलंत ते बरं झालं, काय दिसलं?" एवढे पुरे.

तपासा: वरिष्ठाने खाली सोडलेला निर्णय पहिल्याच चुकीनंतर काढून घेतला का? घेतला असेल तर टप्पा ३ कडे परत जा.

## टप्पा ५: आता शिबिर, तेही तुकड्यांत

सलग दोन दिवस नकोत. दोन-दोन तासांची सहा सत्रे, दर दोन आठवड्यांनी एक. प्रत्येक सत्रात एकच कसब आणि ते मधल्या पंधरवड्यात वापरून दाखवायचे. दोन दिवसांत बारा विषय उरकले की नव्याचे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत.

व्याख्यान वीस मिनिटांचे, उरलेला वेळ सराव. सराव टप्पा १ मधल्या खऱ्या प्रसंगांवर, नावे बदलून. एक प्रसंग मी नेहमी वापरतो. कर्मचारी येऊन म्हणतो, "साहेब, तिसऱ्या मशीनचा आवाज बदललाय." सुपरवायझर फाइलमधून मान वर न करता म्हणतो, "चालू आहे ना? मग चालू दे." हे दोघांकडून करून घ्यायचे. मग तेच परत, पण पेन खाली ठेवून आणि तोंडून फक्त तीन गोष्टी काढून: कधीपासून, तुला काय वाटतं, चल बघू. बहुतेक जण 'तुला काय वाटतं' गाळतात आणि थेट उपाय सांगायला लागतात. पुन्हा करायला लावा. पाचव्यांदा जमते, आणि जमले की त्यांचेच त्यांना हसू येते.

शिबिर फक्त साहेबांचे ठेवू नका. ऐकणारा तयार झाला तरी बोलणाऱ्याला शब्द सापडत नाहीत. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे गेली. समोरचे विमान अजून धावपट्टीवर आहे का, अशी शंका उड्डाणासाठी धावणाऱ्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ठासून उत्तर दिले, शंका तिथेच मिटली आणि विमान धावत राहिले. पुढे विमान कंपन्यांनी जे प्रशिक्षण उभे केले त्यात कॅप्टनला ऐकायला आणि कनिष्ठाला ठामपणे बोलायला, दोन्ही शिकवले जाते. तेच इथे करा. खालच्या पायरीला ठरावीक वाक्यांची शिडी द्या: "मला हे दिसतंय", मग "मला याची काळजी वाटते", आणि तरी ऐकले नाही तर "मी काम थांबवतोय, वरच्या साहेबांना कळवतोय". वाक्ये आधीच ठरलेली असली की ती उद्धटपणा ठरत नाहीत, ती रीत होते.

जपून: सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालचे लोक पहिल्या तीन सत्रांत एकत्र बसवू नका. दोघेही नाटक करतील.

## टप्पा ६: रोजच्या कामात बसवणे

इथे फार काही नाही, पण रोज करावे लागते. पाळी सुरू होताना दहा मिनिटे उभ्याने बैठक. सर्वांत कनिष्ठ आधी बोलतो, सुपरवायझर शेवटी. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

तक्रारींसाठी भिंतीवर एक फळा: काय, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत उत्तर. उत्तर 'नाही' असले तरी चालते, कारणासकट लिहा. फळ्यावर नाव तक्रार करणाऱ्याचे नको, सोडवणाऱ्याचे हवे. याच्या उलट झालेले मी दोनदा पाहिले आहे आणि दोन्ही वेळा लोकांनी लिहिणे सोडले, फळा महिन्याभरात कोरा झाला.

विभागप्रमुखाने आठवड्यातून एकदा कामाच्या जागी अर्धा तास फिरावे, सूचना न देता. हात मागे बांधून उभे राहणे चालेल. खिशातून फोन काढणे नाही.

## टप्पा ७: मोजा, पण आकडे उलटे वाचू नका

शिबिराच्या शेवटी भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद हे मोजमाप नव्हे. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, परिणाम झाला का. बहुतेक संस्था पहिलीवर थांबतात. तिसरी पायरी मोजायला हाताखालच्या लोकांना दर दोन महिन्यांनी तीन-चार प्रश्न पुरतात: गेल्या पंधरवड्यात तुमच्या सुपरवायझरने तुमचं मत विचारलं का? चूक सांगितल्यावर काय झालं? इथेही दहाचा नियम पाळा. चौथ्या पायरीसाठी सुरुवातीला काढलेली आकडेवारी पुन्हा काढा.

आता एक सापळा. पहिल्या तीन-चार महिन्यांत तक्रारी आणि नोंदवलेल्या चुका वाढतात. वरचे साहेब घाबरतात आणि कार्यक्रम बंद पडतो. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला (1996 साली प्रसिद्ध), तेव्हा ज्या वॉर्डांत प्रमुखाशी मोकळेपणाने बोलता येत होते तिथे चुकांचे आकडे जास्त निघाले. तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचे सर्वांत पटणारे कारण होते. म्हणून आकडे जोडीने वाचा. नोंदवलेल्या चुका वाढल्या पण जखमा, गैरहजेरी आणि राजीनामे वाढले नाहीत, तर काम बरोबर चालले आहे. सगळेच वाढले तर कुठेतरी बिघडले आहे. आणि चुका एकदम शून्यावर आल्या तर आनंदाने बैठक घेऊ नका, टप्पा १ मधला शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा.

तपासा: हे आकडे सुपरवायझरच्या वार्षिक मूल्यमापनात पहिल्या वर्षी जोडलेले नाहीत ना? जोडले की तो लोकांना "काय लिहायचं ते माहितीये ना" असे सांगायला लागतो.

## टप्पा ८: बढती आणि बदली

सर्वांत जलद काम करणारा माणूस सुपरवायझर होतो, आणि विभाग एक चांगला कारागीर गमावून एक वैतागलेला साहेब कमावतो. बढतीआधी त्याला तीन महिने छोटा गट सांभाळायला द्या, त्या गटाला दहाच्या नियमाने विचारा, आणि नको असेल तर पगार न घटवता परत जाण्याची वाट ठेवा. ही वाट नसेल तर कोणी "मला जमत नाही" असे म्हणणार नाही.

वरिष्ठाची बदली झाली की सहा महिन्यांची मेहनत एका दिवसात जाऊ शकते. नवे साहेब येतात आणि "आमच्याकडे असं नव्हतं" म्हणून तक्ता गुंडाळतात. पदभाराच्या कागदपत्रांत टप्पा ४ चा अधिकारांचा तक्ता, भिंतीवरच्या फळ्याची सद्यस्थिती आणि आधीच्या साहेबांनी निवडलेली सवय, असे तीन कागद जोडा. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून सकाळच्या दोन बैठका एकत्र घ्याव्यात. दुसऱ्या बैठकीत नव्या साहेबांनी शेवटी बोलावे.